पलीकडची बाई

आमच्या वाकोल्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये कुणी नवा चार्जर आणला की पहिली बातमी रत्नाताईंना लागायची. त्यांना कुणी सांगायचं नाही. त्यांना तो ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजायचं आणि दारात या उभ्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, फिकट सुती साडी आणि हातात विटेएवढा काळा रेडिओ.

"सुनीता, कालपासून तुमच्याकडे काहीतरी नवीन चालू आहे. बघ बरं."

"काही नाही हो रत्नाताई."

"आहे गं. बघ तर."

आणि असायचंच. नवऱ्यानं स्टेशनबाहेरून स्वस्तात आणलेला चार्जर पलंगामागच्या प्लगला लटकत असायचा. रत्नाताई रेडिओ त्याच्याजवळ न्यायच्या आणि रेडिओ असा खरखरायचा की माझी मुलगी कानात बोटं घालायची. "हा बघ, हाच बोंबलतोय," म्हणायच्या. मग स्वतःकडचा एक चांगला चार्जर देऊन तो वाईट घेऊन जायच्या. त्यांच्या कपाटात अशा जप्त केलेल्या चार्जरचा खच पडला होता. माझ्या नवऱ्याला हा सगळा चक्रमपणा वाटायचा. मलाही वाटायचा, पण मला तो आवडायचा.

रत्नाताई गायकवाड आमच्या समोरच्या दारात राहायच्या, एकट्याच. तरुणपणी त्या टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल लावायच्या. म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. आताच्या पोरांना ट्रंक कॉल काय ते सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा, मग तासन् तास वाट बघायची, मग मधली बाई लाइन जोडून देणार आणि तीन मिनिटं झाली की मध्येच येऊन विचारणार, वाढवायची का? ती मधली बाई म्हणजे रत्नाताई. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "सगळ्यांच्या लाइनी जोडता जोडता राहून गेलं." त्यावर हसायच्या नाहीत, त्यामुळे विचारणाऱ्यालाच कसंतरी व्हायचं.

निवृत्तीच्या वेळी मैत्रिणींनी वर्गणी काढून त्यांना तो रेडिओ दिला होता. जुनी गाणी ऐकतील म्हणून. यांनी गाण्यांच्या पट्टीवर काटा फार दिवस ठेवलाच नाही. शॉर्टवेव्ह नावाची एक पट्टी असते, तिच्यावर लांबलांबच्या देशांची स्टेशनं लागतात, हे त्यांना कळलं आणि बाई तिकडे गेल्या त्या गेल्याच. गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी काढून तिथे तांब्याची तार बांधली. तीच एरियल. दुपारपर्यंत तिच्यावर परकर वाळायचे, संध्याकाळ झाली की तार मोकळी.

संध्याकाळच का, तर लांबचं स्टेशन नीट लागतं ते दिवेलागणीला. का ते त्यांनी मला दोनदा समजावलं आणि दोनदा माझ्या डोक्यावरून गेलं. पण घोळ असा की नेमक्या त्याच वेळेला अख्खी बिल्डिंग दिवे लावते, टीव्ही लावते, मिक्सर लावते. म्हणजे लांबचं माणूस बोलायला येणार आणि आपण भांडी आपटणार. म्हणून रत्नाताई तिन्हीसांजेला घरातला मेन स्विचच बंद करायच्या. फ्रिजसकट. बुद्धाच्या मूर्तीपुढे एक मेणबत्ती लावायच्या, कारण मेणबत्ती खरखरत नाही, आणि कानात एकच इअरफोन घालून डोळे मिटून बसायच्या. वरून विमान गेलं की कपाळाला आठी. सांताक्रूझ विमानतळाच्या शेजारी राहायचं तर विमानाशी भांडून चालत नाही.

आणि इथेच दामलेकाकूंचा गैरसमज झाला. दामलेकाकू पहिल्या मजल्यावरच्या. बीपीचा त्रास आणि स्वभाव चौकस. वर आल्या होत्या माझ्याकडे विरजण मागायला. समोरचं दार उघडं, आत अंधार, एक मेणबत्ती, बुद्धाची मूर्ती आणि डोळे मिटून ताठ बसलेल्या रत्नाताई. इअरफोनची वायर पदराखाली. काकू विरजण विसरल्या.

"विपश्यना करता वाटतं तुम्ही?" त्यांनी दुसऱ्या दिवशी जिन्यातच गाठलं.

रत्नाताईंनी पदर सावरला. "बसते थोडा वेळ," म्हणाल्या.

"मी आले तर चालेल? डॉक्टर म्हणालेत मन शांत ठेवा."

"या की. पण येताना घरचा मेन स्विच बंद करून या. नाहीतर मन लागत नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. पुढे मी त्यांना म्हटलंही, काय हो ही लबाडी. तर म्हणाल्या, "लबाडी कसली? मन लागत नाही हे खरंच आहे. माझं लागत नव्हतं."

दामलेकाकू बसायला लागल्या. त्यांचं बीपी उतरलं. मग काय, काकूंनी सगळ्या बिल्डिंगला उपदेश सुरू केला. मेन बंद केल्याशिवाय ध्यान नाही, विजेच्या लहरी डोक्यात जातात, आपले पूर्वज काय वेडे होते? एकेक करून दोन्ही मजल्यांवरच्या बायका दिवेलागणीला मेन बंद करून रत्नाताईंच्या हॉलमध्ये चटया टाकून बसायला लागल्या. नवरे मंडळी ऑफिसातून येऊन अंधारात चाचपडायची. माझा नवरा जिन्यात ठेचकाळला आणि मला म्हणाला, "या बाईनं बिल्डिंगची वाट लावली." आणि रत्नाताई मध्यभागी डोळे मिटून, चेहऱ्यावर अशी शांती की मूर्तीनं शिकावं. बरोबर आहे. इतकं स्वच्छ त्यांना वर्षानुवर्षांत ऐकू आलं नव्हतं.

बिंग फुटलं ते काकूंच्या भक्तीमुळेच. एकदा ध्यान संपल्यावर त्या वाकून नमस्कार करायला गेल्या आणि त्यांच्या बांगडीत इअरफोनची वायर अडकली. पिन निसटली. अंधारात, एवढ्या शांततेत, रत्नाताईंच्या मांडीतून एक पुरुष परक्या भाषेत मोठ्यानं बोलायला लागला.

काकूंचे हात जोडलेलेच. "हे कोण बोललं?"

"कोरियन असावेत," रत्नाताई म्हणाल्या.

दोन दिवस काकू बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आपली चटई घेऊन हजर. "तुमचे ते कोरियन वगैरे चालू द्या. मला घरी बसून जमत नाही." मग हे उघडउघडच चालू झालं. एका बाजूला ध्यान, एका बाजूला रेडिओ.

पण कोरियन, चिनी, अरबी हे सगळं रत्नाताईंसाठी वाटेवरची गावं. त्यांना जायचं असायचं ते एकाच ठिकाणी. मला त्यांनी ते पहिल्यांदा ऐकवलं तो दिवस मला चांगला आठवतो. मी ऑफिसातून येऊन चपला काढत होते, तर समोरून हाक आली. "सुनीता, ये लवकर. ती आलीये ड्युटीवर."

कोण आलीये म्हणून मी गेले. त्यांनी इअरफोन माझ्या कानात घातला. आधी नुसती समुद्रासारखी गाज. मग बासरीसारखी एक छोटी धून, पुन्हा तीच धून, पुन्हा तीच. आणि मग एक बाई बोलायला लागली. कुठली भाषा, देव जाणे. पण ती बोलत नव्हती, आकडे सांगत होती हे मलाही कळलं. पाच शब्द, थोडं थांबणं, पुन्हा पाच शब्द. आवाजात राग नाही, लोभ नाही. लांबून, लाटांवर वरखाली होत यावा तसा तो आवाज यायचा, जायचा, यायचा. आपल्या वाकोल्यात, खाली भाजीवाला मेथी मेथी ओरडतोय आणि माझ्या कानात ही कुठली कोण बाई कुणाला तरी आकडे सांगतेय.

माझा नवरा म्हणाला, "हेरगिरी असते ती. असली स्टेशनं हेरांसाठी असतात. पोलीस येतील एखाद दिवशी."

"असेल," रत्नाताई शांतपणे म्हणाल्या. "ट्रंक कॉलवर लोक काय बोलतात ते आम्ही कधी विचारलं का? आपलं काम पुढच्या एक्स्चेंजला नंबर सांगायचं. ती तिचं काम करतेय."

त्यांना त्या बाईबद्दल काय वाटायचं ते मी शब्दांत नीट नाही सांगू शकत. मैत्रीण म्हणू, तर दोघींची ओळख नाही. पण जन्मभर ज्या बाईनं नुसते नंबर सांगितले, तिला म्हातारपणी दुसरी तशीच बाई भेटली, एवढं खरं. "आज सर्दी झालीये तिला," असं सांगायच्या. "आज घाईत आहे." मी म्हटलं, अहो, टेप लावत असतील. तर ठाम नाही म्हणाल्या. एकदा ती बाई आकडा सांगताना चुकली होती म्हणे. थांबली, काहीतरी पुटपुटली आणि परत नीट सांगितला. "टेप चुकते होय गं? चुकली म्हणजे माणूसच." त्या चुकीवर त्यांचा फार जीव होता. बिचारी चुकली, असं कौतुकानं सांगायच्या.

त्यांच्या ट्रंक कॉलच्या दिवसातली एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. एका माणसाला त्यांनी गावची लाइन जोडून दिली. पलीकडून भावानं सांगितलं, आई गेली. हा गप्प. तिकडचाही गप्प. तीन मिनिटं झाली. नियमानं यांनी विचारायला हवं, वाढवायची का? यांनी विचारलं नाही. लाइन तशीच उघडी ठेवली. मागून सुपरवायझर आली, म्हणाली कुणी बोलत नाहीये, तोड लाइन, पुढचे खोळंबलेत.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मला उत्तर पाठ असूनही मी विचारायची.

"म्हटलं, मॅडम, बोलताहेत ते."

मग चहाचा घोट घेऊन, दर वेळी तेच वाक्य. "ज्यानं कॉल लावला, त्यानं ठेवायचा. मधल्या बाईनं तोडायचा नसतो."

पुढे दामलेकाकू गेल्या. ध्यान मोडलं. काकूंच्या मुलानं घरभर नवे एलईडी लावले, मग सगळ्यांनीच लावले. लिफ्ट आली, जिन्यात कॅमेरे आले, दर घरात वायफाय आलं. रत्नाताई पहिल्या पहिल्यांदा रेडिओ घेऊन दारोदार फिरल्या, पण चार्जर बदलून देता येतो, लिफ्ट कशी बदलून देणार? त्यांच्या कानात आता नुसती गुणगुण यायची, डासांचा थवा आल्यासारखी. त्या गुणगुणीत पलीकडची बाई बुडून गेली. आधी कधीमधी धून तरी लागायची. मग तीही नाही.

तरी त्या रोज बसायच्या. मी कधी गेले की विचारायची, लागली का? मान हलवायच्या. एकदा मात्र कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ती बंद पडली असली तर पडली गं. सगळंच बंद पडतं. पण ती बोलतेय आणि मला ऐकू येत नाहीये, असं असलं तर? एवढंच मला कळायला पाहिजे." मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. गेलो. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं बरे आहेत. म्हणजे तोही निकाल लागला नाही.

मग आली रिडेव्हलपमेंट. बिल्डर स्वतः मीटिंगला आला, गच्चीवर खुर्च्या मांडल्या. लोकांचे प्रश्न ठरलेले. कार्पेट एरिया किती, पार्किंग मिळणार का, भाडं वेळेवर येणार का. सगळ्यात शेवटी रत्नाताईंनी हात वर केला.

"आमचे लाइट कधी कापणार तुम्ही?"

बिल्डर समजुतीच्या सुरात म्हणाला, "काकी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. शेवटचा माणूस जाईपर्यंत लाइट चालू ठेवू."

"तसं नको. सगळे गेल्यावर, लाइट कापल्यावर, पाडायच्या आधी मधे काही दिवस मिळतील का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं. सगळी मीटिंग हसली. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मला कळलं होतं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकही दिवा नाही, लिफ्ट नाही, चार्जर नाही. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला संध्याकाळी बंद होणारी शाळा. दामलेकाकूंच्या ध्यानानं जे अर्धंमुर्धं जमलं होतं, ते बिल्डर पूर्ण करून देणार होता.

आम्ही पांगलो. मी जोगेश्वरीला भाड्याच्या घरात गेले, रत्नाताई मुलुंडला भाचीकडे. प्रज्ञा, त्यांची भाची, चांगली मुलगी, पण अठराव्या मजल्यावर राहायची आणि तिथे भिंतीभिंतीतून वायरी. तिथे रेडिओ फक्त घड्याळासारखा टेबलावर ठेवायचा. वीज कापल्याचं कळल्यावर रत्नाताई रोज दुपारी बस बदलत बदलत मुलुंडहून वाकोल्याला यायला लागल्या. बिल्डरच्या वॉचमननं पहिल्या दिवशी अडवलं. यांनी सांगितलं, माझं काहीतरी आत राहिलंय. रोज रोज काय राहतं ते त्यानं मग विचारलं नाही.

प्रज्ञाचा मला फोन आला. "मावशीला समजव ना गं. पडेल कुठेतरी अंधारात. उद्या तर पाडायला घेणार आहेत."

म्हणून मी गेले. समजवायला नाही, सोबतीला.

आमची बिल्डिंग मी अशी कधी बघितली नव्हती. दारं काढून नेलेली, खिडक्या काढून नेलेल्या. माझ्या हॉलच्या भिंतीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच. मला रडू आलं, मी जरा रडले आणि समोर गेले. रत्नाताई गॅलरीत एका उलट्या बादलीवर बसल्या होत्या. तार अजून होती. रेडिओ मांडीत, मेणबत्ती जमिनीवर.

"आलीस? बस. बोलू नकोस."

मी बसले. अंधारून यायला लागलं. त्या काटा हळूहळू फिरवत होत्या आणि खरंच सांगते, तो रेडिओ कधी इतका चांगला वाजला नव्हता. चिनी बाई शेजारच्या खोलीत असल्यासारखी गात होती. कुठेतरी कुणी अरबीत प्रार्थना म्हणत होतं. कुठल्याशा जहाजाची टिकटिक. रत्नाताई एकेकाला ओळखून मान डोलवत पुढे गेल्या आणि मग त्यांच्या ठरलेल्या जागी येऊन थांबल्या.

तिथे काही नव्हतं. खरखर नाही, गुणगुण नाही. स्वच्छ, मोकळी गाज.

धुनेची वेळ झाली आणि गेली. त्यांनी पिशवीतून इअरफोन काढून रेडिओला लावला आणि माझ्या कानात घातला. "तू ऐक. तुझे कान तरुण आहेत."

मी जीव एकवटून ऐकलं. काहीतरी ऐकू यावं म्हणून मी मनातल्या मनात नवससुद्धा बोलले. काही नव्हतं. मी मान हलवली. खोटं सांगता आलं असतं, पण ऑपरेटरबाईंना लाइनीबद्दल खोटं सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

"आठवडाभर हेच," त्या म्हणाल्या. "लाइन एकदम क्लिअर आहे. पलीकडे कुणी नाही." आवाज त्यांचा ऑफिसातला, कोरडा. मग म्हणाल्या, "म्हणजे मला ऐकू येत नव्हतं असं नाही. तीच गेली." आणि पदरानं डोळे पुसले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

खाली वॉचमननं शिट्टी मारली. मी पिन काढून इअरफोन त्यांच्या हातात दिला, मेणबत्ती विझवली, मोबाइलचा टॉर्च लावला. रेडिओ लगेच खरखरला. त्या माझ्याकडे रागानं बघायला लागल्या, तर मी टॉर्च बंद केला आणि आम्ही अंधारातच कठडा धरून उतरलो. तार त्यांनी तशीच ठेवली.

पुढे त्या फार राहिल्या नाहीत. नवं घर त्यांनी बघितलंच नाही. मी आता त्याच जागेवर अकराव्या मजल्यावर राहते आणि दिवेलागणीला हॉलमधला दिवा लावायला माझा हात जरा उशिरा जातो. मला त्यांची आठवण येते, सरळ सांगते. समोरच्या दारात आता एक जोडपं राहतं. भली माणसं आहेत, पण माझा चार्जर त्यांना ऐकू येत नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळी खाली उतरल्यावर मी त्यांना मुलुंडची रिक्षा करून दिली. रस्त्यावरचे दिवे लागले होते, दुकानं लखलखत होती. त्या आत बसल्या, रेडिओ मांडीत. इअरफोनची पिन काढलेली, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं. रिक्षाचं इंजिन सुरू झालं तसा रेडिओ फडफडायला लागला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काकी, बंद करा ना तो. कान फुटतात."

मीही वाकून म्हटलं, "रत्नाताई, बंद करा आता. ती नाहीये ना तिकडे? सेल जातील उगाच."

त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला आणि रेडिओ दोन्ही हातांनी नीट धरला.

"कॉल तिनं लावला होता, सुनीता," त्या म्हणाल्या. "ठेवायचा तर तिनं ठेवावा. मी कशाला?"

रिक्षा निघाली. सिग्नलपर्यंत तो खरखराट मला ऐकू येत होता, मग हॉर्नमध्ये मिसळून गेला.